गुडघाभर पाण्यातले अण्णा

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले अण्णा मेलेल्या माशांशी बोलायचे. धारवाडच्या त्या लांबट खोलीत भिंतीला लागून कपाटं होती आणि कपाटांत फॉर्मॅलिनच्या बरण्या. सकाळी बरण्या पुसताना अण्णा म्हणायचे, "सरक बघू जरा," आणि आतलं शार्कचं पिल्लू खरंच सरकल्यासारखं हलायचं. हुद्द्याने ते परिचर. पण समुद्रकाकडीचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला, हे नव्या प्राध्यापकांना तेच हळूच सांगायचे.

आम्हा मुलींना ते 'तंगी' म्हणत, म्हणजे कन्नडमधली धाकटी बहीण. घरी मराठी, बाजारात कन्नड, बरण्यांशी दोन्ही. बरण्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच वळणदार अक्षरात होत्या. चार-पाच बरण्यांवर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'नाव माहीत नाही'. एकदा तपासणीला वरचे लोक येणार होते, तेव्हा आमचे सर म्हणाले, "अण्णा, काहीतरी नाव टाका हो." अण्णा म्हणाले, "चुकीच्या नावानं हाक मारली तर मेलेलंसुद्धा ओ देत नाही, सर." चिठ्ठ्या तशाच राहिल्या.

पुढे काजूच्या कंपनीत नोकरी लागून मी मोझांबिकला गेले. तिथे सुट्टीच्या दिवशी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकले. एका रजेत धारवाडला आले, तेव्हा अण्णा नुकते निवृत्त झाले होते. धारवाडमधल्याच केलगेरी भागातल्या त्यांच्या घरी बसून मी त्यांना फोनवर कासवं, रंगीत मासे, पोवळी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"सगळी हलतात काय गं ही?"

"म्हणजे काय? जिवंत आहेत, अण्णा."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "समुद्र बघितलाय मी, तंगी. मुलांच्या सहलीबरोबर कारवारला किती वेळा गेलो. पण वरून. खालचं जे काही बघितलं ते जाळ्यातून आलेलं. मेल्यावर."

त्यांना तिकडे न्यायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, विमानाला भ्यायची. पण अण्णांना तिने अडवलं नाही. शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि बजावलं, "जा खुशाल. पण शंख-बिंख काही आणू नका. घरात जागा नाही."

मोझांबिकच्या किनाऱ्याला ऑगस्टमध्ये देवमासे येतात. पहिल्याच दिवशी आमच्या बोटीपासून थोड्या अंतरावर एकाने अख्खं अंग पाण्याबाहेर काढून धाडकन आपटलं. अण्णा चक्क उभे राहिले आणि कन्नडमध्ये ओरडले. मग घाईघाईने खाली बसून मला म्हणाले, "याला बरणी नाही बघ. बरं झालं."

दुसऱ्या दिवशी घोळ झाला. समुद्रात उतरण्याआधी एक कागद भरावा लागतो. त्यात प्रश्न होता, रक्तदाबाची गोळी घेता का? मी मराठीत म्हटलं, "'नाही' लिहा. तुमचा दाब चांगला ताब्यात आहे." अण्णांनी 'हो' वर खूण केली. डुबकी शिकवणाऱ्या जुलियाने कागद वाचला, मान हलवली आणि डॉक्टरांच्या पत्राशिवाय टाकी बांधायला साफ नकार दिला.

मी भडकले. "एवढ्या लांब आणलं ते किनाऱ्यावर बसायला?"

"चिडू नको. जन्मभर चिठ्ठ्या लिहिल्या. आता स्वतःवर खोटी कशी चिकटवू?"

चूक त्यांची नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी फणकाऱ्याने बोटीत चढले. त्या दिवशी मला तीन मोठाले पाकट मासे दिसले, पंख पसरून डोक्यावरून गेले. वर आले तर सांगावं कुणाला? अण्णा खाडीत होते. ओहोटीचं गुडघाभर पाणी, खाली समुद्रगवत, आणि जुलियाची आई त्यांच्या पोटाखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवत होती. ती पोर्तुगीजमध्ये ओरडत होती, अण्णा कन्नडमध्ये उत्तरं देत होते. दोघांचं उत्तम जमलं होतं.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी पाण्यावर पालथ्या पडलेल्या अण्णांनी हात वर करून मला बोलावलं. मी पाण्यात बघायची काच डोळ्यांवर लावून त्यांच्या शेजारी आडवी झाले. आधी नुसतं गवत दिसलं. मग त्यातलं एक पातं माझ्याकडे बघायला लागलं. समुद्रघोडा होता. करंगळीएवढा, पिवळसर. पाण्याच्या ओढीबरोबर झुलत होता, आणि शेपटीने त्याने एक काडी घट्ट धरली होती. अण्णांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते. चुकूनही लागू नये म्हणून.

अण्णा उठून बसले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. "आपल्या बरण्यांतले समुद्रघोडे सगळे सरळ उभे आहेत, तंगी. मीच दोरा बांधून उभे केलेत. शेपटी असते कशाला, ते आज कळलं. धरायला."

मला त्या पाकटांबद्दल काही सांगावंसं वाटलं नाही. आता मीही सुट्टीतला एक दिवस खाडीसाठी ठेवते. खूप दिसतं तिथे. फक्त वेळ लागतो.

परवा धारवाडला गेले, तर अण्णा मला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेले. पासष्टीच्या पुढे ते तिथे रीतसर पोहायला शिकले आहेत. पाण्यात शिरले, पालथे झाले आणि इतके निश्चल पडून राहिले की पोट सुटलेल्या लाइफगार्डने शिट्टी फुंकली आणि कपड्यांसकट उडी मारली.

"अज्जा, एनात्री? काय झालं?"

अण्णा डोकं वर काढून वैतागले. "काही नाही हो. बघत होतो. खाली कुणा पोरीची केसांची क्लिप पडलीय. तिच्यावर ऊन कसं हलतंय, बघा तरी."

भिजलेल्या लाइफगार्डने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मोठा श्वास घेतला आणि अण्णांच्या शेजारी पाण्यात तोंड घातलं.

मी दोन टॉवेल घेऊन काठावर उभी होते. दोघंही बराच वेळ वर आले नाहीत.