रिकाम्या आकाशाचं रसग्रहण

कलाकृतीत जे दाखवलेलं नसतं, तेच जाणत्या रसिकाने पाहायचं असतं. हे वाक्य मी चाळीस वर्षं वर्गात, लग्नाच्या पंगतीत आणि आमच्या वाचक मंडळात वापरलं आहे. कोणी हरकत घेतली नाही. त्याचा अर्थ विचारण्याची चूकही कोणी केली नाही.

मंडळ वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात रविवारी सकाळी भरतं. मागच्या वर्षी आम्ही एक परदेशी महाकादंबरी मराठी अनुवादात वाचून काढली. चार खंड, पाच राजघराणी, आणि शेवटच्या पानावर एक नकाशा, जो पहिल्या पानावर असता तर दोन सभासद गळाले नसते. मग तिच्यावरचा सिनेमा हिंदीत होऊन वर्ध्यात लागला आणि अख्खं मंडळ बघायला गेलं. आम्हाला पुढून तिसरी रांग मिळाली. पडदा इतका जवळ की एका नजरेत मावत नव्हता.

पुढच्या रविवारी चर्चा ठेवली. पहिल्यांदा निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. त्यांनी चारही खंडांत पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"कादंबरीत त्या राक्षसी पक्ष्याची फक्त सावली आहे. शेवटपर्यंत फक्त सावली. त्यातच भीती आहे. यांनी सगळी माती केली."

"पैसे देऊन सावली काऊन पाहावं बाई?" नाचणगावचे शेतकरी म्हणाले. ते मोटारसायकलवर येतात आणि मंडळातले सगळ्यात चांगले वाचक आहेत, हे मला कबूल करायला तीन वर्षं लागली. "मले दुसरंच खटकलं. एवढं सैन्य चाललं डोंगरातून, पन एक बैलगाडी नाई. घोड्याइले वैरण कोन आणून राह्यलं?"

"कल्पित कथा आहे हो ती."

"घोडे तं कल्पित नोयते ना जी."

वाद बराच रंगला असावा. असावा म्हणतो, कारण मी ऐकत नव्हतो. आमच्याकडे अध्यक्ष, म्हणजे मी, सर्वांत शेवटी बोलतो, आणि शेवटी बोलायचं असलं की माणूस इतरांचं ऐकत नाही, वाक्यं जुळवत बसतो. पक्ष्यावरून काही चाललं आहे एवढं कानावर येत होतं. मला वाटलं, पुस्तकातल्या पक्ष्याबद्दल चाललं आहे.

मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. म्हणालो, या दिग्दर्शकाचं मोठेपण त्याने ठेवलेल्या रिकाम्या आकाशात आहे. पडद्याचा उजवा वरचा भाग त्याने तीन तास मोकळा ठेवला. पक्ष्याचा चीत्कार येतो, राजकन्या वर बघते, आणि वर काहीच नसतं. एकदाच सगळा पडदा काळा होतो, तेही प्रतीक म्हणून. पक्षी न दाखवण्याचा हा संयम आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी शिकावा.

वर्गात कोणी काही बोललं नाही. अशी शांतता मला चांगल्या भाषणानंतर सवयीची होती.

"सर," शेतकरी म्हणाले, "तुमी झोपले होते काय?"

सगळे हसले. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "अहो, तो पक्षी तिथेच तर बसलेला आहे. उजव्या कड्यावर. अर्धा सिनेमा. उडतो तेव्हा तर सगळा पडदा झाकतो."

मी म्हणालो, "मी रूपकात्मक अर्थाने बोलतो आहे." या वाक्याने मी आजवर पुष्कळ ठिकाणांहून सुटलो आहे. त्या दिवशीही सुटलो.

चहाच्या वेळी शेतकऱ्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. आता ते हसत नव्हते.

"सर, डावा डोळा झाका. माया नाकाकडं पाहा. नाकाकडंच. आता बोटं किती?"

"कुठली बोटं?"

त्यांनी बाजूला धरलेला हात हळूहळू मधे आणला. बराच मधे आल्यावर तीन बोटं एकाएकी हवेतून उगवली. मग उजवा डोळा झाकायला लावला. तेव्हा खालची बोटं दिसली, माझ्या नाकाच्या बाजूने वर नेलेली दिसली नाहीत.

"माया बापाचं असंच झालतं," ते म्हणाले. "म्हणे, लोकंच बाजूनं येऊन अंगावर पडते. आमी हसलो. हसता हसता दोन वर्षं गेले."

"आणि आता?"

"आता त्याले सूर्य कोनीकडं हाये तेवढं समजते." त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. हातात ठेवून, माझी बोटं त्याभोवती मिटवून. "उद्याच दाखवून घ्या. सावंगीच्या दवाखान्यात जा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. नऊ दिवस गेलो नाही. कोणत्याही गोष्टीची संदर्भासह शहानिशा केल्याशिवाय मत देऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. घाबरलेल्या माणसाला हे तत्त्व फार सोयीचं पडतं. मी भिंतीसमोर उभा राहून हात वर-खाली करून पाहायचो.

"भिंतीसंग काऊन हातवारे करून राह्यले?" बायकोने विचारलं.

"व्यायाम."

"मंग दोन्ही हातानं करा."

पान वाचता येत होतं. अक्षरं जिथल्या तिथे होती. त्याने धीर यायला हवा होता, पण वाचता वाचता मी ओळीच्या शेवटी थांबायचो आणि पुढे अजून एखादा शब्द आहे का, म्हणून मान वळवून बघायचो. स्कूटर काढणं मी बंद केलं. दोन महिन्यांपूर्वी आर्वी नाक्याजवळ एक ट्रक उजवीकडून अचानक अंगावर आला होता आणि मी त्या ड्रायव्हरला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. तो बिचारा हॉर्नवर हात ठेवून सांगत होता, "बाबूजी, मैं तो कब से यहीं खड़ा हूँ." आता दुपारी आडवा झालो की तो ट्रक दिसायचा. म्हणजे दिसायचा नाही. आधी नसायचा आणि मग एकदम असायचा.

दहाव्या दिवशी मी एकटाच सकाळच्या खेळाला गेलो. रिक्षाने. तीच तिसरी रांग. हॉलमध्ये कॉलेजची पाच-सहा मुलं होती, त्यांचा मक्याच्या लाह्यांवरून दंगा चालला होता. राजकन्या खिंडीत आली. चीत्कार झाला. तिने वर पाहिलं. मी तिच्याकडेच बघत राहिलो, आणि वर आकाश होतं, निळसर, स्वच्छ, नितळ. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकलो. मग मी मान वळवली.

तो तिथे बसलेला होता. डोंगराएवढा. पंख मिटून, चोच छातीवर टेकवून, आणि बसण्याच्या पद्धतीवरून बराच वेळचा. मी मान परत सरळ केली, आकाश. वळवली, पक्षी. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. मागून एक मुलगा म्हणाला, "काय बे, कोंबडी वाटते." त्याचे मित्र खिदळले. त्या पक्ष्याला घाबरणारा अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच होतो.

मध्यंतरात बाहेर येऊन बायकोला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिथंच थांबा. रस्ता ओलांडू नका. मी येते."

सावंगीला एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मधेच बराच वेळ काहीच चमकेना. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. यंत्र चालू होतं. ठिपक्यांमागून ठिपके येऊन जात होते आणि शेजारी बसून यंत्र चालवणाऱ्या मुलीला ते मोजता येत होते.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कागदावर दोन डोळ्यांचे दोन नकाशे दाखवले. काचबिंदू. उजव्या डोळ्यात थोडंच उरलं होतं; डाव्यात नाकाकडचा, वरचा भाग गेला होता.

"पण मला अंधार दिसत नाही," मी म्हणालो. "तिथे आकाश दिसतं."

"अंधार दिसतच नाही, सर. मेंदू आजूबाजूला जे असेल त्याने ती जागा भरतो."

म्हणजे ते आकाश दिग्दर्शकाचं नव्हतं.

"इतके दिवस काही जाणवलं नाही?"

"मला वाटलं, सिनेमा चांगला आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग बायकोने, मी विचारायच्या आत, माझा प्रश्न विचारला. "यांले वाचता येईन ना?"

"आज येतंय ना? तेवढंच राखायचं आहे. गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज, न चुकता, जन्मभर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा."

बाहेर बाकावर बसून मी औषधांचा कागद वाचायला घेतला. आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटाकडे मी मालकाच्या ऐटीत पाहिलं होतं. आता प्रत्येक पुस्तकाला एक विचारावंसं वाटत होतं: तू आधी संपशील की मी? बायकोने कागद काढून घेतला आणि खालच्या सूचना मोठ्याने वाचल्या. थेंब टाकल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसणे. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नये. पुढील तपासणी तीन महिन्यांनी. येताना उपाशीपोटी येण्याची गरज नाही.