लांब मिशांचा भुंगा आणि सुतारदादांचे कान

आमचे सुतारदादा लाकूड कानांनी पारखतात. फळीवर बोटाचं पेर वाजवायचं, कान लावायचा, मग ‘चालेल’ नाहीतर ‘किडकं आहे’, एवढंच. चाळीस वर्षं त्यांचा शब्द कुणी मोडला नाही.

त्यांनीच केलेल्या बाकावर बसून मी रोज प्रार्थना करते. समोर बागेतली फुलं ठेवते. गेला आठवडाभर त्या फुलांवर एक भुंगा दिसायचा. अंगावर काळेपिवळे पट्टे, मिशा अंगाहून लांब, परागात तोंड खुपसलेलं. फुलांबरोबर आला असेल म्हणून मी त्याला खिडकीबाहेर सोडायचे. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. देवाच्या मनात काय आहे, कळेना.

मग बाकाखाली भुसा सांडलेला दिसला, पायाला भोकंही.

“बाक किडलंय,” हे म्हणाले. “दादांना सांगितलेलं नव्या जिन्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. दादा थकले आता.”

“अहो, भुंगा फुलांवरचा. तो लाकूड कशाला कोरेल?”

“मग भुसा काय फुलांतून पडला?”

मी सरळ दादांना बोलावलं.

“वहिनी, फुलं झटकून आणत जा की. माझ्या बाकावर कशाला आळ घेता?” म्हणत ते वाकले. पाय वाजवला, कान लावला. “ठणठणीत.”

मीही कान लावला. आत बारीक करकर चालली होती. वाटलं, माझेच कान वाजतायत. पुन्हा लावला. करकर.

“दादा, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?”

“काय यायचंय?”

तेवढ्यात भोकातून एक मिशी बाहेर आली, मग दुसरी, मग पिवळा पट्टा. दादांनी डोळा भोकाजवळ नेला.

“अळी असताना लाकूड खातो, पंख फुटले की फुलांवर जातो,” ते हळूच म्हणाले. “ठाऊक होतं हो मला. आवाज आला नाही.”

ते बोटाचं पेर चोळत राहिले.

“बाक नवं करून देतो. जिन्याच्या फळ्या निवडायला उद्या वखारीत याल? मी वाजवीन, तुम्ही ऐका. साहेबांना मात्र कळायला नको...”

मी ‘येते’ म्हणून बसले. आता ही वही पुढ्यात घेऊन विचार करतेय, ही मदत की ह्यांच्याशी लबाडी? प्रार्थनेतही उलगडा झाला नाही. ह्यांना विचारल्याशिवाय जाणार नाही, एवढं नक्की. पण काय सांगून विचारायचं, ते सुचत नाही.