जॉबकार्डावरचं अक्षर

पुसदच्या शोरूममध्ये गाड्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या भाऊंचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक शब्द पुटपुटत जॉबकार्डावर लिहितात. माझ्या नव्या स्कूटरचा पुढचा ब्रेक आपोआप आवळायचा. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी वैतागून म्हणाले, "भाऊ, कादंबरी लिहून राह्यले काय?"

"तुमचीच हाय ताई, तुमीच सांगा. उतारावरच आवळते, का सपाटीवर बी?"

मागून मॅनेजर ओरडला, "जनरल चेकअप लिहा अन् मोकळे व्हा!"

"हो साहेब," म्हणत त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि प्रत माझ्या हातात दिली.

आठवड्याने उतारावर ब्रेक आवळला. मी पडले, मनगट मोडलं. चालवणाऱ्या बाईचीच चूक, असं कंपनीचं म्हणणं. यवतमाळच्या ग्राहक आयोगात वकिलापेक्षा भाऊंचं अक्षर कामी आलं. दोष आधीच सांगितला होता, हे कंपनीला नाकारता येईना. गाडी बदलून मिळाली, दवाखान्याचा खर्चही.

मी पेढे घेऊन शोरूममध्ये गेले. भाऊंनी डबा बाजूला ठेवला.

"हात वळते काय पुरा?"

"वळतो."

"अन् नवी गाडी?"

"बरी आहे."

"बरी म्हंजे काय, ताई? नीट सांगा," म्हणत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.