मिशीवर न बसणारा मास्क

आमच्या रिसोड तालुक्यात माझ्या थोरल्या मामाइतका रागीट माणूस नाही, आणि त्याच्याइतका झोपाळूही नाही. लग्नाची पत्रिका नुसती मोबाइलवर आली, की तो त्या लग्नाला जात नाही. चहात साखर किती टाकू असं विचारलं, की तो चहाच घेत नाही. मात्र रागावता रागावता मध्येच घोरायला लागतो, आणि जागा झाला की राग जिथं सुटला होता तिथूनच पुढे धरतो. आम्ही हसायचो. मग एक दिवस केनवडहून येताना स्टेअरिंगवरच त्याचा डोळा लागला आणि प्रवाशांनी भरलेली जीप तुरीच्या वावरात शिरली. कुणाला फार लागलं नाही, पण मामानं चावी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. घर त्या जीपवर चालायचं. मामी दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊ लागली.

घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून मामाला अकोल्याच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. ते म्हणाले, झोपेत याचा श्वास अडतो, म्हणून दिवसा डुलक्या येतात. मास्कमधून वारा देणारं मशीन रोज लावायचं, आणि मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मशीन आलं. मास्क काही मामाच्या मिशीवर बसेना. चहा पिताना दोन बोटांनी उचलून धरावी लागते अशी ती मिशी. तिच्यातून वारा सुटायचा आणि थेट डोळ्यात जायचा. पट्टे आवळले तर नाक सोललं. मग मामानं मिशीभोवती भिजवलेली कणीक थापली. ती वाळली, आणि मामी कोमट पाण्यानं दुपारपर्यंत मिशी सोडवत बसली. शेवटी, सारी हयात जीपमध्ये गेलेला हा माणूस, मास्क घेऊन पंक्चरच्या दुकानात गेला. पंक्चरवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"भाऊ, याच्यात काही नाही. गळती तुमच्या थोबाडात हाये."

मामा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही.

मास्क विकणाऱ्याकडे गेलो, तर त्यानं मान वर न करता सांगितलं, "काका, मिशी काढून टाका."

"माहा बाप जित्ता हाये!" मामा कडाडला.

आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरते. आणि मामाचा बाप, म्हणजे आमचे आबा, नव्वदीतही ओसरीवर बसून सगळ्या गल्लीवर नजर ठेवतात. घरी आल्यावर त्यांनी हे ऐकलं.

"काढ ना बे. मीच सांगून राह्यलो. मिशी वापस येते, तू येशीन का?"

"अन् लोकायले काय सांगू? उद्या अख्खं गाव तुमच्या दुखवट्याले येईन!"

"येऊ दे. मी दारातच बसतो. चहा पाजतो त्यायले."

"मरीन, पन मिशी काढनार नाही!"

आबा हळूच म्हणाले, "माह्या आधी?"

त्या दोन शब्दांनी मी पेटले. शोधलं, वाचलं, डॉक्टरांना फोन केला. तोंडावर काहीच न टेकणारा, नाकपुड्यांशी नुसती दोन मऊ बोंडं बसणारा मास्कही मिळतो! दुकानात जाऊन मागितला, तर त्या बाबानं पाठीमागच्या कपाटातून काढून दिला.

"हा होता तर आधी काहून नाही दाखवला?"

"ताई, तुम्ही मागितला नाही."

मागायला तो असतो हे तर माहीत पाहिजे! माणसाचा श्वास अडतो, आणि यांना त्याची मिशी उतरवणं सोपं वाटतं, कपाट उघडणं नाही! सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी हे बोलले. शिकले ती गप्प बसायला नाही.

तो मास्क मामाला सोसला. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, हो म्हटलं, आणि जीप रस्त्यावर आली. मामीनं दुसऱ्याच्या वावरात जाणं सोडलं. दुपारच्या फेरीनंतर मामा ओसरीवर मशीन लावून पडतो, तेव्हा घोरणं ऐकू येत नाही. आबांना त्या शांततेची अजून सवय नाही. काठी टेकत ते खाटेपाशी येतात, पोराच्या छातीवर हात ठेवतात आणि बराच वेळ तसेच उभे राहतात. हाताखाली छाती वर-खाली होत असते. मामाला आता खरी झोप लागते.