खालांचं मागणं

दोन्ही तळहात उघडे, एकमेकांना लागून, छातीच्या उंचीवर. मागायला बसल्या की खाला आधी क्षणभर त्या तळहातांकडं बघत राहायच्या. जेवायला मांडण्याआधी ताट पुसलेलं आहे ना, हे बघावं तसं. मग म्हणायच्या, "आधी त्याचं, मग आपलं."

म्हणजे आधी अल्लाहची स्तुती, मग पैगंबरांसाठी दुवा म्हणजे दरूद, आणि त्यानंतर आपलं काय ते गाऱ्हाणं. आल्या आल्या हात पसरलेलं त्यांना खपत नसे.

निपाणीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. मधली भिंत एकच. नवरा वारला होता आणि त्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायच्या. सगळी गल्ली त्यांना खालाच म्हणायची, आम्हीसुद्धा. मी तंबाखूच्या वखारीत हिशोब लिहितो. डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच सांगायची मला सवय आहे. इथंही तेवढंच सांगतो.

तुमच्याही आळीत असं एक माणूस असेल, ज्याच्याकडं लोक आपापलं मागणं नेऊन देतात. आमच्याकडं बायका ते काम घेऊन खालांकडं जायच्या. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, तीही गेली.

"खाला, आमच्या पोराच्या नोकरीचं मागा की. जमलं तर बघ म्हणावं."

"जमलं तर?" खालांनी सुई थांबवली. "आक्का, त्याला काय जड हाय व्हय? असं अर्धवट मागत न्हाईत. दे म्हणायचं. देशीलच म्हणायचं."

"आणि न्हाय मिळालं तर?"

"तर गप बसायचं. मागितलं आणि दिलं न्हाय, असं तोंडातनं काढायचं न्हाय. आत्ता देतो, न्हायतर मागनं देतो, न्हायतर त्या बदल्यात एखादं संकट टाळतो. घाई आपल्याला असती, त्याला न्हाय."

मुलाला बेंगळूरला नोकरी लागली. मग तो घरी येत नाही म्हणून मंडळी पुन्हा खालांकडं. खालांनी मागितलं आणि तो आला, पण कावीळ घेऊन आला आणि अंथरुणालाच खिळला. मी खालांना म्हटलं, "पुढच्या वेळी धडधाकट येऊ दे, एवढं घाला त्यात."

"अण्णा, तुमचा हिशोब त्याच्याकडं चालत न्हाय," त्या हसल्या. "पण घालते."

परगावी गेलेल्यांनी सुखरूप घरी यावं, हे त्यांचं नेहमीचं मागणं. गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन. मी जमवून पाहिलं, तर आलेले बहुतेक जण दिवाळीला किंवा उरुसाला तसेही येणारेच होते. संकेश्वरकडं साखर कारखान्यावर गेलेले तर हंगाम संपल्यावर परततातच. मी तसं बोललो.

"मग सणाला बोलवून आणतं कोण?" खाला म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला.

समोर नसलेल्या माणसासाठी मागितलं, की फरिश्ता आमीन म्हणतो आणि म्हणतो, तुलाही तेवढंच मिळो. हे खालांनी एकदा आमच्या मंडळींना सांगितलं, आणि मंडळींनी रात्री जेवताना मला. खालांचाही एक मुलगा परगावी होता. त्याचं नाव त्या कधीच घेत नव्हत्या.

तो गेला ते सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. बापामागं घराच्या वाटणीवरून त्याचं आणि थोरल्या बहिणीचं बिनसलं. भर दारात तो बहिणीला म्हणाला, "पुन्हा या घरात येऊ नकोस." खाला बाहेर आल्या. दिवस मावळतानाची, मगरिबची बांग चालू होती. एरवी त्यांचं मागणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नसे. मागणं हळू असावं, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी त्यांनी रस्त्यात उभं राहून हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "याचे पाय या घराला परत लागू देऊ नकोस."

मुलानं चपला घातल्या आणि तो गेला.

पुढं एकदा त्या मला म्हणाल्या, "लेकराच्या वाइटाचं कधी मागत न्हाईत, अण्णा. ऐकून घ्यायची एखादी घटका असती. नेमकी तीच सापडायची. मला सापडली."

वखारीच्या वजनकाट्याचा एक भाग करून आणायला मी बेळगावजवळ मच्छ्याला एका कारखान्यात गेलो, तेव्हा खालांचा तो मुलगा दिसला. लेथवर उभा होता. केस पिकायला लागले होते. मला पाहून त्यानं मशीन बंद केलं.

"बेळगावच्या स्टँडवर लई वेळा आलतो, अण्णा," तो म्हणाला. "निपाणीची गाडी लागली की पाय उचलत न्हाय. अम्मीचं मागणं कबूल झालं असलं तर? मी आत पाय टाकला आणि तिलाच कायतरी झालं तर?"

"अरे, रागात बोलली ती."

"हात उचलून बोलली. बांग चालू होती." त्यानं फडक्यानं हात पुसले. "तिला म्हणावं, माझ्यासाठी परत माग. मागितलं एवढं कळवा. त्याच गाडीनं येतो."

मी खालांना सगळं सांगितलं. त्यांनी वाकळ बाजूला सारली आणि म्हणाल्या, "मौलानांकडं चला."

मौलाना आमच्याच वयाचे. त्यांनी ऐकून घेतलं. "खाला, नातं तोडायचं मागणं तिथं घेतच न्हाईत. तुम्हीच बायकांना शिकवता की हे."

"मग तो येत का न्हाय?"

"तो तुमच्यासाठी थांबलाय आणि तुम्ही त्याच्यासाठी. घरी जावा आणि मागा."

त्या संध्याकाळी खालांचं दार उघडं होतं. मी आमच्या पायरीवर होतो. त्या हात उघडे धरून बसल्या. बराच वेळ ओठ हलत होते, गल्लीतली परगावी गेलेली पोरं त्या मागण्यात एकेक करून घरी येत असणार. मग ओठ थांबले आणि हात मांडीवर आले.

"कुठल्या तोंडानं मागू, अण्णा? ज्या तोंडानं घालवला, त्याच?"

"मी फोन लावून देतो. नुसतं ये म्हणा."

"आधी त्याला सांगितल्याशिवाय पोराला कसं सांगू?"

मी लेथवरचा नंबर घेऊन ठेवला होता. तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही खाला मुलाच्या नावापर्यंत यायच्या आणि हात खाली घ्यायच्या. मौलानांनी एकदा येऊन पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली, चहा केला आणि वाकळ घेऊन बसल्या.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. मुलगी आली, आमची मंडळीही त्यांच्याकडंच असायची. शेवटच्या संध्याकाळी मुलगी औषधं आणायला गेली होती. मंडळी आतल्या खोलीत पेज करत होती आणि मी खाटेजवळ बसलो होतो. खालांचे हात छातीवर होते, तळवे उघडे. ओठ हलत होते. मी वाकून कान दिला. श्वास ऐकू आला, शब्द ऐकू आले नाहीत. उजाडायच्या आत त्या गेल्या.

मी मच्छ्याला लेथवरच्या त्या नंबरावर फोन केला. तो आला तेव्हा दारात माणसं जमली होती. तो रस्त्याच्या पलीकडं थांबला. बहीण दारातून म्हणाली, "ये की रं आत." तो हलला नाही. मी त्याच्याजवळ गेलो.

"अण्णा, मागितलं का तिनं?"

हो म्हणणं सोपं होतं. "हात उघडे होते," मी म्हणालो. "ओठ हलत होते. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं न्हाय."

त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला.

तेवढ्यात आमची मंडळी बाहेर आली. हात ओले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मागितलं. तुझं नाव घेऊन मागितलं. मी ऐकलं माझ्या कानानं. आत ये आता, तोंड बघ तिचं."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं चपला रस्त्याच्या कडेलाच काढल्या आणि आत गेला.

घराला आता कुलूप आहे. संध्याकाळी बांग झाली की आमची मंडळी टीव्ही बारीक करते. मीही वर्तमानपत्र खाली ठेवतो. पलीकडं कुणी नाही हे दोघांनाही माहीत आहे, तरी भिंतीकडं कान जातो.

खालांच्या शेवटच्या संध्याकाळी मंडळी आतल्या खोलीत होती. चुलीपाशी. ती मधे एकदा दारापर्यंत आली असेल आणि मला कळलं नसेल, असं होऊ शकतं. माझी पाठ त्या बाजूला होती. मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल.