ओढ्याच्या अलीकडचं हक्कसोडपत्र

संगप्पा हुडगे वकील नाहीत. हे ते पहिल्या भेटीतच सांगून टाकतात, कारण लोक त्यांना वकीलसाहेब म्हणायला लागतात आणि मग भलतेच सल्ले मागतात. वय एकाहत्तर. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, खांद्याला रेक्झिनची पिशवी. उदगीरला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक बाकडं आहे, त्यावर सकाळी दहा ते एक बसतात. एकनंतर सापडत नाहीत. तेव्हा ते कुणाच्या तरी रानात असतात.

काम एकच, वारसाचं. माणूस मरतो, एक मुलगा मस्कतला, मुलगी हैदराबादला, थोडी जमीन देवणीत, प्लॉट बिदरला, आणि एखादं खातं अशा बँकेत की जिचं नाव घरात कुणाला धड म्हणता येत नाही. मृत्यूचे दाखले, वारसाचे दाखले, फेरफार, परदेशातून शिक्के मारून येणारे मुख्तारनामे, हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं. कोर्टात शेवटी वकील उभा राहतो. त्याआधीची वर्षभराची पायपीट संगप्पांची.

माझा त्यांचा संबंध इंग्रजीमुळे आला. मी इथल्या कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. मी निवृत्त झाले त्या वर्षी संगप्पा दारात येऊन उभे राहिले. अमेरिकेतल्या एका वकिलाला पत्र पाठवायचं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेला मसुदा त्यांनी दाखवला. तो इतका नम्र होता की त्यात मागणं काय आहे तेच कळत नव्हतं. मी चार ओळी लिहून दिल्या, आठ दिवसांत उत्तर आलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते मराठीत सांगतात आणि मी इंग्रजीत लिहिते. ते सांगताना फार लांबण लावतात, मी मधेच तोडते. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

त्यांची पद्धत मला आधी खुळचट वाटायची. लिंगायत लोक जाळत नाहीत, पुरतात, आणि गावाकडे बरेच जण आपल्याच रानात. म्हणून संगप्पा काम घेतलं की सातबारा नंतर बघतात, आधी रानात जाऊन समाध्या मोजतात. दगडावर नाव असतं, नशीब असलं तर सालही. कोण कुणाशेजारी आहे ते बघतात. कागदावरून गळालेली पहिली बायको, माहेरी परत आलेली आत्या, सगळ्या तिथे सापडतात. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर वंशावळ काढतात. निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचणारी माणसं उदगिरात आता थोडीच उरली, त्यातले हे एक. वडिलांनी शिकवलं होतं.

गेल्याच्या गेल्या साली, येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली रानपूजेची अमावस्या, होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा बोरतळीच्या वीरण्णा खंकरेंचं काम आलं.

बोरतळी देवणी तालुक्यात, अगदी हद्दीवर. वीरण्णा इंजिनिअर. आधी मस्कतला, मग अमेरिकेत. तिथेच वारले. बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी शिवानी, तिकडेच वाढलेली, तिकडेच नोकरीला. तिला इथलं सगळं विकायचं होतं. बोरतळीचं घर, त्यालगतची अकरा एकर, आणि ओढ्यापलीकडची तीन एकर. तिने संगप्पांच्या नावे मुख्तारनामा पाठवला. तिची पत्रं मुद्द्याची असत, मला मुलगी आवडली होती. दुसऱ्या पत्रात एक ओळ होती: घरात वडिलांची बहीण राहते, तिची सोय लातूरच्या चांगल्या वृद्धाश्रमात करावी, खर्च मी देईन.

ही बहीण म्हणजे शरणम्मा. वय शहात्तर. चोविसाव्या वर्षी विधवा झाली, मूल नव्हतं, सासरच्यांनी परत पाठवलं. पन्नासच्या वर वर्षं त्याच घरात. सत्याऐंशी साली, वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी, वीरण्णांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. ही आपल्याकडची रीतच आहे. कायद्याने बहिणीला वाटा दिला, तो भावाने रजिस्ट्रारसमोर साडीचोळी देऊन परत घ्यायचा. जी सही करत नाही तिला माहेरचं दार बंद. वर्गात हे शिकवताना मी मुलींच्या तोंडाकडे बघायची. त्या वहीत उतरवून घ्यायच्या.

तेव्हा कागदोपत्री शरणम्माचं काहीच नव्हतं. संगप्पाही तसंच धरून चालले होते. मग ते सवयीने समाध्या मोजायला गेले.

समाध्या ओढ्यापलीकडच्या तीन एकरांत होत्या, आईची आणि वडिलांची, शेजारी शेजारी. पूर्वी ओढ्याचे दोन्ही काठ एकाच बिदर जिल्ह्यात होते. छप्पन साली राज्यं वेगळी झाली आणि ओढा हद्द झाला. अलीकडचं रान महाराष्ट्रात राहिलं, पलीकडचं कर्नाटकात गेलं. गावात ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बैलं सकाळी पलीकडे जायची, संध्याकाळी अलीकडे यायची. हक्कसोडपत्र झालं उदगीरला, आणि त्यात गटनंबर लिहिले ते अलीकडचेच. पलीकडच्यासाठी औरादच्या कचेरीत वेगळा कागद करायला हवा होता. कुणी गेलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण खंकरेंच्या घरात दोन्ही मिळून 'आपलं रान' होतं. तिकडच्या पहाणीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर, अजून वडिलांचंच नाव. म्हणजे त्या तीन एकरांत अर्धा वाटा शरणम्माचा, आणि तिच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं.

संगप्पा हे सांगायला माझ्याकडे आले आणि सांगून झाल्यावरही बसून राहिले. मी म्हटलं, मग त्यात काय, एक केलं तसं दुसरं करून घ्या. ते बसलेले असतानाच मी शिवानीला लिहिलं की एक सही राहिली आहे, ती मिळेल. पाठवलंही मीच. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे काही जणांनी या प्रकरणाचं श्रेय मला दिलं. ते खरं नाही.

शिवानीचं उत्तर दुसऱ्या दिवशी. सही घ्या, आणि आत्याला माझ्याकडून एक छान साडी द्या. तिला त्या साडीचा अर्थ माहीत असणं शक्य नव्हतं. संगप्पांना होता. त्यांनी इरकल घेतली, काठ चांगला बघून.

शरणम्माने निरोप पाठवला की सही करीन, पण कागद शिकलेल्या बाईने वाचून दाखवला पाहिजे. मागच्या खेपेला पुरुषांनी वाचला होता. म्हणून मला बोरतळीला जावं लागलं.

ती ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. बारीक, काळी, दात सगळे शाबूत. आम्हाला चहा दिला. संगप्पांनी साडी पुढे ठेवली. तिने पदर दोन बोटांत धरून चोळला.

"रंग जातो का हिचा?"

संगप्पा म्हणाले, चांगल्या दुकानातली आहे, नाही जाणार.

"वीरण्णाची बी दुकानातलीच होती. पयल्या धुण्याला बादली लाल झाली. दोन झंपर वाया गेले माझे." मग माझ्याकडे वळून, "वाचा बाई."

मी माझ्या वेगाने वाचायला लागले. गटनंबरापाशी तिने हात वर केला. हे कुठलं रान, म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी संगप्पांकडे पाहिलं.

इथे 'राहिलेलं' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिला नंबर कळत नव्हते. दहा मिनिटांत अंगठ्याशेजारी सही झाली असती आणि आम्ही जेवायच्या वेळेला उदगिरात असतो. संगप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"ओढ्यापलीकडचं, अक्का. अप्पा अन् अव्वा हायत ते."

"ते मागंच दिलं न्हवं का म्या?"

"न्हाई. त्या कागदात ते नव्हतंच. अर्धं तुमचं हाय. ह्याच्यावर सही केली की जाईल."

मला राग आला. त्यांच्या खिशात मुलीचा मुख्तारनामा होता. पण बोलणं होऊन गेलं होतं.

शरणम्मा थोडा वेळ घाटेच सोलत राहिली. मग हसली. दर येळवसीला त्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालून ती पूजा करायची, अंबील शिंपडायची. आणि दरवर्षी त्याआधी शेजाऱ्याच्या फोनवरून अमेरिकेला विचारायची की यंदा कोप घालू का. वीरण्णा हो म्हणायचा. कधी कामात असला तर दोन दिवसांनी म्हणायचा.

"माझ्याच रानाची परवानगी मागून राहिले होते मी," ती म्हणाली. "अन् वीरण्णा द्यायचाबी."

मग तिने हात झटकले आणि संगप्पांना सरळ विचारलं, "मला कुठं पुरणार हो? सासरचे घेत न्हाईत. हे घर जातंय. लातूरच्या त्या आश्रमात जाळतेत म्हणं."

तिने सही केली नाही. साडी मात्र ठेवून घेतली. ती भाचीची आहे, म्हणाली, सहीची न्हाई.

परतताना मी विचारलं, हे कशासाठी केलंत? देवणी मागे पडल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण सिद्धम्मा मुदखेडला असते, नवरा रेल्वेत होता. चौऱ्याण्णव साली यांनी तिच्याकडून हक्कसोड घेतलं. सही करताना तिने विचारलं होतं, विहिरीचं रानपण ह्यात आहे का दादा? आणि यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. होतं ते. तिला लिहिता-वाचता येत होतं, पण भावावर भरोसा ठेवून तिने कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही.



शिवानीला पत्र गेलं. या वेळी चार ओळींत नाही, दोन पानं, आणि संगप्पांनी एक वाक्य मला गाळू दिलं नाही. समाध्या, कोप, फोन, सगळं घालायला लावलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग तिच्या वकिलाचा कागद आला की मुख्तारनामा रद्द. तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. ज्याला आपलं काम दिलं त्याने समोरच्या पक्षाला त्यांचा हक्क समजावून सांगितला, कोण ठेवून घेईल?

लातूरहून दुसरा माणूस आला. शरणम्माने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. पावसाळ्यात शिवानीने आत्याला व्हिडिओवर फोन केला. काय बोलल्या कुणास ठाऊक. मुलीचं मराठी जेवलीस का, झोपलीस का एवढंच, आणि आत्याचं अर्धं कानडी. पण तासभर बोलल्या, असं शेजारी सांगतात. त्यानंतर औरादला वाटणीपत्र झालं. तीन एकरांचे दोन भाग, समाध्या असलेला शरणम्माकडे. बाकी सगळं विकलं गेलं, घरही. मुलगी वाईट नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शरणम्माने पलीकडे पत्र्याची खोली बांधली. चारशे पावलं चालून गेली आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी दुसऱ्या राज्याची रहिवासी झाली. इकडचं रेशनकार्ड बंद, निराधार पेन्शन बंद, आधारवरचा पत्ता चुकीचा. तिकडचं सगळं उभं करायला सात महिने लागले. औरादच्या खेपा संगप्पांनी घातल्या. तिथले अर्ज कानडीत, त्यामुळे माझी गरज पडली नाही. यंदाची येळवस तिने कुणाला न विचारता केली. आम्हाला जेवायला बोलावलं होतं. येळवसीच्या मिसळभाजीत, भज्जीत, मीठ जास्त होतं.

संगप्पांचं काम मात्र कमी झालं. संगप्पा आधी बहिणींना जाऊन विचारतात, असं बाहेरगावच्या भावांमध्ये पसरलं. दहा ते एक बाकड्यावर असतात, पण पेपर वाचताना दिसतात. तक्रार करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यांना आराम हाय.

फेब्रुवारीत ते एक कागद घेऊन आले. इंग्रजीत काही नव्हतं. सिद्धम्माच्या नावे बक्षीसपत्राचा मसुदा होता, विहिरीची दोन एकर. मुदखेडला चला, म्हणाले, तुम्ही वाचून दाखवा. भावाने वाचलेलं ती ऐकून घेणार नाही. मी गेले.

सिद्धम्माने आधी जेवू घातलं. भावाशी बोलणं हवापाण्यापुरतं. ताटं उचलून झाल्यावर संगप्पांनी कागद ठेवला आणि म्हणाले, विहीर ह्यात हाय. मागं बी होती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "वर्षभरातच कळालं. तुम्ही कवा सांगता ते बघत होते." मग माझ्याकडे बोट करून, "ह्यांना कशाला आणलं?"

"वाचायला."

"मला येतंय वाचता."

तिने चष्मा लावला, कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून, प्रत्येक शब्दावर बोट ठेवत, वाचायला सुरुवात केली. संगप्पा समोर सतरंजीवर मांडी घालून बसले होते. चार पानं होती. विहिरीला चार वर्षांपासून पाणी नाही हेही तिला माहीत होतं. ते तिने तिसऱ्या पानावर थांबून सांगितलं आणि पुढे वाचायला लागली.

आमची दुपारची गाडी गेली. पुढची साडेसहाला होती.