पाचवा रकाना, सहावा रकाना

धुळ्याच्या एका लॅबमधून फोन आला तेव्हा मी डबा खात होते. पलीकडे तिथल्या तंत्रज्ञ बाई होत्या. रक्त तपासायचं आणि आलेले आकडे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे, हे त्यांचं काम.

"मॅडम, स्क्रीनवर बरोबर दिसतंय, पण कागदावर उलटं छापून येतंय," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटीची साखर जेवणानंतरच्या जागी येतेय आणि जेवणानंतरची उपाशीपोटीच्या जागी."

हातातला घास मी खाली ठेवला, पण लक्ष दिलं नाही. म्हणाले, "तुम्ही भरतानाच उलटं भरत असाल. नीट बघून भरा. आणि सेव्ह केल्याशिवाय प्रिंट काढू नका."

"मी नऊ वर्षं हेच भरतेय, मॅडम."

"मग नऊ वर्षांत असं कधी झालं नाही ना? प्रोग्राम आपोआप उलटा होत नसतो."

त्यांनी फोन ठेवला. मी तक्रारींच्या यादीत लिहिलं, 'धुळे. वापरणाऱ्याची चूक. समजावलं.' आणि पुन्हा जेवायला लागले. शेवभाजी होती, तेसुद्धा आठवतं. माणसाला नको तेवढं आठवतं.

जळगावात पिंप्राळ्याकडे एका मेडिकल स्टोअरच्या वर आमचं ऑफिस होतं. आम्ही सहा जण, आणि मालक, ज्यांना सगळे सर म्हणत. रक्त-लघवी तपासणाऱ्या लहान लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. मूळ प्रोग्राम सरांनी स्वतः, एकट्याने लिहिलेला. त्याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. आम्ही नंतर आलेल्यांनी त्याला ठिगळं लावायची. प्रोग्रामच्या जुन्या भागाला हात लावायचा नाही, हा ऑफिसचा अलिखित नियम. "चालतंय ना? मग चालू दे," सर म्हणायचे. मीही आठ वर्षांत ते वाक्य दुसऱ्यांना ऐकवायला शिकले होते.

त्या फोनच्या थोडे दिवस आधीच धुळ्याच्या लॅबला नवी आवृत्ती दिली होती. तिच्यासाठी साखरेच्या तपासण्यांचा तक्ता मी नव्याने बांधला होता. फोन आला तेव्हा हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

त्या बाईंनी चार दिवसांनी परत फोन केला. तो माझ्या शेजारच्याने घेतला, यादीत माझी नोंद पाहिली आणि तेच उत्तर दिलं.

मग एका सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या एक अक्का, साठीच्या, पिठाच्या गिरणीत दळण घ्यायला उभ्या असताना चक्कर येऊन पडल्या होत्या. गिरणीवाल्याने तोंडात गूळ घातला म्हणून शुद्धीवर आल्या. आठवडाभरापूर्वी त्यांनी त्याच लॅबमध्ये साखर तपासली होती. कागदावर उपाशीपोटी एकशे अठ्ठावन्न छापलेलं होतं. ते पाहून गावातल्या डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या. अक्कांना मधुमेह नव्हताच. त्या गोळ्यांनी साखर खाली गेली आणि त्या कोसळल्या. पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला आणि विचारलं, जेवणाआधी एकशे अठ्ठावन्न आणि जेवणानंतर ब्याण्णव, असं कसं? पुन्हा तपासलं, तेव्हा सगळं उघडं पडलं. तोवर तो कागद किती हातांतून गेला होता! एकालाही ते खटकलं नव्हतं.

"त्या लॅबवाल्या बाईने घोळ घातला," सर म्हणाले. "अक्कांचा मुलगा लॅबमध्ये येऊन फार ओरडला. लॅबच्या डॉक्टरांनी बाईला कालच काढून टाकलं. तू आपल्या बाजूने एकदा बघून घे, म्हणजे आपण मोकळे."

मी जागेवर येऊन लॅबचा डेटा उघडला. अक्कांची ओळ काढली. उपाशीपोटी ब्याण्णव. जेवणानंतर एकशे अठ्ठावन्न. बाईंनी अगदी बरोबर भरलं होतं.

तीच ओळ मी पुन्हा वाचली. मग मी छपाईचा भाग उघडला, तो सरांचा जुना, हात न लावायचा.

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर ओळींनी येतं आणि प्रत्येक ओळीत रकाने असतात. हवा तो आकडा उचलायचे दोन मार्ग. एक, रकान्याचं नाव घेऊन मागायचं: उपाशीपोटीची साखर दे. दुसरा, मोजून मागायचं: पाचवं काय आहे ते दे. मोजून मागणारा प्रोग्राम पाचव्या जागी काय ठेवलंय हे विचारत नाही, जे असेल ते उचलतो. सरांनी लिहिलं होतं, सगळे रकाने आण, पाचवा उपाशीपोटीचा म्हणून छाप, सहावा जेवणानंतरचा म्हणून छाप. त्यांच्या जुन्या तक्त्यात तो क्रम खरा होता. नवा तक्ता बांधताना मी जेवणानंतरचा रकाना आधी लिहिला होता. का, ते मलाही सांगता येणार नाही. तक्त्यात रकान्यांच्या क्रमाला अर्थ नसतो, असंच मी शिकले होते. भरायचा स्क्रीन नावाने लिहायचा आणि नावाने वाचायचा, म्हणून तिथे सगळं बरोबर. उलटं फक्त कागदावर.

आणि मी हे तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. चाचणीच्या पेशंटला दोन्हीकडे शंभर भरले होते. शंभर आणि शंभर! उलटे झाले तरी कोणाला कळणार? हा आळस माझा होता, सरांचा नव्हता.

मी रागातच केबिनमध्ये गेले. "सर, त्या बाईंची चूक नाही. आपली आहे. तुमच्या ओळी आणि माझा तक्ता."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं लवकर सापडलं. दुरुस्त करून टाक. फार बोलू नकोस. 'किरकोळ सुधारणा' म्हणून आवृत्ती पाठव."

"आणि त्या बाई?"

"कोणत्या?"

"ज्यांना काढलं त्या. आणि त्या दिवसांत ज्यांना उलटे कागद गेले, त्यांचं काय?"

"हे बघ, लॅबने कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, हा लॅबचा प्रश्न. आपण सॉफ्टवेअर देतो. उद्या सगळ्या खानदेशात आपलं नाव खराब होईल, ते तुला चालेल?"

"सर, माणूस पडलंय तिकडे!"

"आवाज खाली," ते म्हणाले.

मी आवाज खाली केला नाही. काय काय बोलले ते पुरतं आठवत नाही. बाहेर पाच जण मान खाली घालून टाइप करत होते एवढं काचेतून दिसलं. त्यातल्या एकानेही मान वर केली नाही, याचा राग सरांवरच्या रागाहून जास्त टिकला.

दुरुस्ती मी त्याच दिवशी पाठवली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, अक्कांच्या ओळीचा आणि त्या काळातल्या सगळ्या पेशंटच्या यादीचा प्रिंट घेतला आणि सकाळच्या बसने धुळ्याला निघाले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा सरांचा फोन आला. उचलला नाही.

लॅबचे डॉक्टर मला ओळखत होते. चहा मागवला. मी विषय काढला तसे म्हणाले, "तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? मी तिला काढलं. या लोकांना डिग्र्या कशा मिळतात, ते आपल्याला माहीत आहे."

मी चहाचा कप सरकवला आणि प्रिंट त्यांच्यासमोर ठेवला. "बघा. त्यांनी भरलेला आकडा बरोबर आहे. छापला चुकीचा आमच्या प्रोग्रामने. आणि त्या चुकीच्या कागदावर सही तुमची आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या सरांनी तर मला सांगितलं की बाईंची चूक."

"आधी मी सांगितलं. बाईंनी मला फोन केला होता, डॉक्टर. दोनदा. त्या बरोबर सांगत होत्या आणि मी त्यांनाच शिकवलं."

ते यादी चाळू लागले. मी म्हणाले, "यातल्या प्रत्येकाला आज फोन गेला पाहिजे. मी इथेच बसते." आणि बसले. दुपारपर्यंत रिसेप्शनवरची मुलगी एकेकाला फोन लावत होती, डॉक्टर स्वतः बोलत होते. एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. अक्कांच्या घरचा फोन मी मागून घेतला. त्यांच्या मुलाने माझं नाव-गाव ऐकलं, काय झालं ते ऐकलं, आणि म्हणाला, "तुमी लोके माणसं शेत का काय?" फोन ठेवला. आम्ही माणसं आहोत का, असं विचारल्याबद्दल मी त्याला दोष देऊ शकत नव्हते.

तिथून बाईंच्या घरी गेले. पत्ता रिसेप्शनवरच्या मुलीने हळूच दिला होता. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, शोकेसवर बुद्धाची मूर्ती, दारात बाईंच्या सासूबाई बसलेल्या. मी कुठून आले ते सांगताच त्यांचे डोळे बदलले.

"बठ्ठा लोके तिलेच बोलनात," त्या म्हणाल्या. "आते तुमी कसाले उनात?"

"हो, सगळे त्यांनाच बोलले. पण चूक आमची होती, आजी. तेच सांगायला आले."

"मन्ही सून खोटं भरनारी नही," त्या म्हणाल्या, जणू मी उलट बोलले होते. मग सरकून त्यांनी वाट दिली.

बाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील. आवाजावरून मी त्यांना लहान समजले होते. मी सगळं सांगितलं, शंभर आणि शंभरसुद्धा. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी प्रत्येक कागदावर पेनाने खोडून बरोबर लिहायचे. डॉक्टर चिडले, रिपोर्टवर खाडाखोड चालणार नाही म्हणाले. मग मी पेशंटला तोंडी सांगायला लागले. त्या अक्का कागद न्यायला आल्या त्या दिवशी माझी सुट्टी होती."

"मला माहीत नव्हतं."

"लॅबमधली दुसरी मुलगी म्हणाली, ताई, उलटं भरा ना, म्हणजे कागदावर सुलट येईल. सोपं होतं. पण मशीनने जे सांगितलं ते सोडून दुसरं मी भरणार नाही. उद्या कोणी जुना रेकॉर्ड काढला तर? तुम्ही काढलाच ना?"

मी बाईंना दोन मिनिटांत मूर्ख ठरवलं होतं आणि आमच्या ऑफिसातल्या कोणाहीपेक्षा त्यांना डेटा म्हणजे काय ते जास्त कळत होतं. त्यांनी उलटं भरलं असतं तर माझ्या हातात दाखवायला काहीच उरलं नसतं.

"तुम्हाला परत घेतील," मी म्हणाले. "डॉक्टर तसं बोललेत."

"मी जाणार नाही. अक्कांच्या मुलासमोर, पेशंटसमोर बोलले ते मला. त्यांच्यासमोर परत घेणार आहेत का शब्द?" मग त्या म्हणाल्या, "मला लिहून द्या. नवीन ठिकाणी विचारतील, का सोडलं. तोंडी नको."

कंपनीचा कागद माझ्याकडे नव्हता आणि सरांनी तो दिलाही नसता. मी साध्या कागदावर लिहिलं, कोणत्या तारखेपासून काय चुकत होतं, का, आणि कोणामुळे. खाली माझी सही. त्यांनी दोनदा वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बदला."

मी लिहिलं होतं, 'आकडे भरताना त्यांच्याकडून चूक झाली नसावी.'

"नसावी कशाला? तुम्ही बघितलंय ना?"

"हो."

"मग 'नाही' लिहा."

ऑफिसात राहून राहून हातालाच तशी सवय लागली होती. मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, चूक झाली नाही.

परत आले तेव्हा सर दोन दिवस बोलले नाहीत. ते दोन दिवस आणि पुढचा एक, मी जुना प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचत गेले. जिथे जिथे मोजून उचललं होतं तिथे नाव घातलं. कितीतरी जागा निघाल्या. एका ठिकाणी रक्तगटही मोजूनच उचलला होता. तो अजून उलटा झाला नव्हता, एवढंच. ते पाहून मी उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. ज्यांनी मान वर केली नव्हती त्यांच्यातला एक मागून आला आणि म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे गं, पण एवढं चिडायची काय गरज?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या पाहण्यात काय होतं कोण जाणे, तो आत गेला.

काम पुरं झाल्यावर मी राजीनामा दिला. सरांनी तो वाचला, म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घेतेयस." मग गावात सांगत राहिले की मला धुळ्याच्या डॉक्टरने फोडलं.

बाई आता धुळ्यातच लहान मुलांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये आहेत. मुलाखतीत तो कागद दाखवला का, असं मी एकदा फोनवर विचारलं. "दाखवला," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचला नाही. पण मी दाखवला."

मला कधी कोणी म्हणतं, जाऊ दे, एवढीशी तर चूक, दोन आकड्यांची अदलाबदल. तेव्हा मी शांत राहत नाही. राहायचंही नाही.